जर्सी ॲक्ट

जर्सी ॲक्ट : शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांच्या वंशनोंदीवर इंग्लंडमध्ये १९१३ ते १९४९ या काळात असलेला निर्बंध. नावात ‘ॲक्ट’ असले, तरी हा पार्लमेंटने केलेला कायदा नव्हे. ‘जनरल स्टड बुक’ या वंशनोंदवहीचा तो एक नियम होता. जॉकी क्लबचे ज्येष्ठ पदाधिकारी सातवे अर्ल ऑफ जर्सी (१८४५–१९१५) यांच्यावरून त्यास हे नाव पडले.

वेदरबी यांनी १७९१ मध्ये सुरू केलेल्या या नोंदवहीत नाव असणे, हीच थरोब्रेडच्या शुद्धतेची खूण मानली जाई. अमेरिकेतील नोंदी मात्र अपुऱ्या होत्या. वसाहतकाळात आणलेल्या अनेक घोड्यांना कागदपत्रे नव्हती आणि यादवी युद्धात आणखी नोंदी नष्ट झाल्या. केंटकीत जन्मलेला लेक्सिंग्टन (१८५०–७५) हा घोडा सोळा वर्षे अमेरिकेतील अग्रगण्य जनक ठरला. परंतु त्याच्या वंशावळीतही अज्ञात पूर्वज होते.

हा प्रश्न पेटला तो न्यूयॉर्क राज्यात. तेथे १९०८ मध्ये हार्ट-ॲग्न्यू कायद्याने शर्यतींवरील पैजांना बंदी झाली. पुढे मैदानांच्या चालकांवरही जबाबदारी टाकण्यात आल्याने १९११ व १९१२ ही दोन वर्षे तेथील शर्यती बंद पडल्या. १९०८ ते १९१३ या काळात दीड हजारांहून अधिक घोडे परदेशी गेले. बाजार कोसळेल या भीतीने इंग्लंडमधील पैदासकार अस्वस्थ झाले. शुद्धतेचा आग्रह खरा असला, तरी त्यात व्यापारी हितसंबंध मिसळलेला होता, हे नाकारता येत नाही. ज्याचा प्रत्येक पूर्वज नोंदवहीच्या आधीच्या खंडांत सापडतो, असाच घोडा यापुढे नोंदला जाईल, असे ठरले.

नियमाने धावण्यास मनाई नव्हती. घोड्याची धाव दोन-चार वर्षांची, पैदाशीचे उत्पन्न मात्र पुष्कळ वर्षांचे. ‘अर्धरक्ती’ ठरलेल्या विजेत्यास इंग्लंडमधील पैदास केंद्रांत फारशी किंमत उरत नसे. त्यामुळे घोडा कोठे धाववावा, हे ठरविताना मालकास मैदानाइतकाच नोंदवहीचाही विचार करावा लागे. हर्मन दुर्यी या अमेरिकन मालकाने आपली घोडी फ्रान्सला नेली. त्यांपैकी आर्मेनिया या घोडीचे शिंगरू दुसरा दरबार याने १९१४ ची एप्सम डर्बी जिंकली. नियम लागू होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि डर्बीविजेताच नोंदीस अपात्र होता!

नियम पूर्वलक्षी नसल्याने विसंगती वाढली. आगाखान तिसरे यांच्या मुमताझ महल या विख्यात घोडीत लेक्सिंग्टनचे रक्त होते. पण तिचे पूर्वज आधीच नोंदले गेल्याने ती शुद्ध ठरली. विल्यम वुडवर्ड (१८७६–१९५३) यांनी अमेरिकेतील तिहेरी मुकुटाचा मानकरी ओमाहा १९३६ मध्ये इंग्लंडला धाडला. ॲस्कट गोल्ड कपमध्ये क्वॅश्ड या घोडीने त्याला निसटते हरविले; गंमत अशी, की ही इंग्लिश घोडीही नोंदवहीबाहेरचीच होती.

नियमाला अखेरचा धक्का दरबारच्याच वंशाने दिला. त्याची मुलगी दरबान, तिचा मुलगा तूर्बियाँ, त्याचा जेबेल आणि जेबेलचा माय बाबू, अशी ही परंपरा. बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड (१९०८–६८) यांनी १९४५ मध्ये २८,००० गिनींना शुद्ध वंशाचे शिंगरू घेऊन त्यास सयाजीराव हे आपल्या आजोबांचे नाव दिले. त्याने १९४७ मध्ये सेंट लेजर जिंकली. परंतु १९४८ ची टू थाउजंड गिनीज त्यांना मिळवून दिली ती फ्रान्समध्ये जन्मलेल्या, नोंदीस अपात्र अशा माय बाबूने. त्याच वर्षी वुडवर्ड यांच्या ब्लॅक टार्क्विनने सेंट लेजर जिंकली, तोही अपात्रच.

१९४९ मध्ये नियम मागे घेण्यात आला. निदान शंभर वर्षे मागे जाणाऱ्या आठ-नऊ शुद्ध पिढ्या आणि निकटच्या कुळाची मैदानावरील कामगिरी, एवढा पुरावा पुरेसा मानला गेला. माय बाबूचा मुलगा अवर बाबू याने १९५५ मध्ये टू थाउजंड गिनीज जिंकली. माय बाबू पुढे पैदाशीसाठी केंटकीला, लेक्सिंग्टनच्या जन्मभूमीस, नेण्यात आला.