गिटार, वाद्यवृंद आणि मायक्रोफोन

ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन आहे आणि बखरीप्रमाणे तेही पारखूनच वापरावे, असे माझे मत आहे. स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगो यांचा ‘कॉन्सिएर्तो दे अरान्हुएथ’ हे त्याचे बोलके उदाहरण.

बालपणीच दृष्टी गमावलेल्या रोद्रिगोंनी गिटार आणि वाद्यवृंदासाठी ही रचना १९३९ साली पॅरिसमध्ये केली. ९ नोव्हेंबर १९४० रोजी बार्सिलोनात रेखिनो साइन्थ दे ला माथा यांनी ती प्रथम सादर केली.

अडचण होती आवाजाची. गिटारचा स्वर नाजूक. सगळा वाद्यवृंद जोरात वाजू लागला की तो बुडून जातो. रोद्रिगोंनी त्यावर रचनेतच तोड काढली. गिटार बोलते तेव्हा बाकीची वाद्ये बहुधा आवरती घेतलेली असतात. दुसऱ्या, संथ भागात गिटारच्या हळुवार झंकारावर इंग्लिश हॉर्न धून वाजवतो. मग तीच धून गिटार उचलते.

ध्वनिमुद्रणात मात्र गिटारजवळ स्वतंत्र मायक्रोफोन ठेवता येतो. नार्सिसो येपेस, ज्युलियन ब्रीम, जॉन विल्यम्स यांच्या मुद्रिकांतून ही रचना घरोघरी पोचली. तबकडीवरचा तोल एकदा कानात बसला, की सभागृहातली खरी गिटार दुबळी वाटू लागते.

मुद्रिकेतले सूर वादकाचेच असतात. त्यांचे लहानमोठेपण पुष्कळदा मायक्रोफोन ठरवतो. म्हणून १९४०च्या श्रोत्यांनी काय ऐकले असेल, याचा शोध घेणाऱ्याने तबकडीच्या आधी स्वरलिपी उघडावी. गिटारसाठी रोद्रिगोंनी राखलेली मोकळी जागा तिथे स्पष्ट दिसते.