माध्यमसंचय, घरगुती

माध्यमसंचय, घरगुती : कुटुंबाच्या संग्रहातील छायाचित्रे, चलच्चित्रे, ध्वनिमुद्रणे व दस्तऐवज अंकीय स्वरूपात दीर्घकाळ जतन करण्याकरिता, आणि ते घरातील संगणक, दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी यांवर हवे तेव्हा उपलब्ध व्हावेत याकरिता, योजलेली साधने व त्यांची व्यवस्था. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, प्रकाशीय तबकड्या, घरातील जाळ्यास जोडलेला संचयक (नॅस) आणि भाड्याने मिळणारी क्लाउडवरील जागा यांचा या व्यवस्थेत समावेश होतो. यांपैकी कोणतेही साधन चिरस्थायी नाही. कागदावरील छायाचित्र पेटीत दुर्लक्षित पडूनही पन्नास वर्षांनी पाहता येते. अंकीय छायाचित्र मात्र दर काही वर्षांनी कोणीतरी नव्या साधनावर उतरवून घेतले तरच टिकते. म्हणून आज कोणते साधन घ्यावे, या प्रश्नाबरोबरच त्यावरील मजकूर पुढे केव्हा व कशावर न्यावयाचा याचीही तजवीज करावी लागते; सामान्य गृहस्थाने संगणकाच्या यंत्रसामग्रीतील फेरबदलांची माहिती ठेवण्याचे मुख्य प्रयोजनही हेच होय.

गरजेची मोजदाद : खरेदीपूर्वी संग्रहाचा आकार अजमावणे आवश्यक असते. भ्रमणध्वनीने काढलेले छायाचित्र सामान्यतः २ ते ५ मेगाबाइट जागा व्यापते. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ध्वनी, दर सेकंदास ४४,१०० नमुने, १६ बिटांचा प्रत्येक नमुना व दोन वाहिन्या या हिशेबाने, मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट होतो आणि गुणवत्ता न घटविणाऱ्या फ्लॅकसारख्या संक्षेपपद्धतीने तो अदमासे निम्म्यावर येतो. मिनीडीव्ही फितीवरील एका तासाचे चित्रण जसेच्या तसे उतरविल्यास सुमारे १३ गिगाबाइट भरते. ज्या कुटुंबाजवळ २०,००० छायाचित्रे, ३०० तासांचे संगीत व लग्नामुंजीच्या चित्रणाच्या तासाभराच्या ३० फिती आहेत, त्याचा संग्रह या प्रमाणांनी अनुक्रमे ८०, ९० व ३९० मिळून ५६० गिगाबाइटांच्या घरात, म्हणजे एका टेराबाइटच्या आतच राहतो. पुढील काही वर्षांची वाढ जमेस धरूनही त्यास २ टेराबाइटचे साधन पुरते, आणि उरलेला पैसा त्याच मापाच्या दुसऱ्या साधनावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मोजमापातील एका तफावतीमुळे ग्राहकांची अनेकदा गैरसमजूत होते. निर्माते टेराबाइट हे माप एक लाख कोटी बाइटांचे धरतात, तर विंडोज ही कार्यप्रणाली १,०२४च्या घातांनी गणना करते. परिणामी १ टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ गिगाबाइटची दिसते. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये दुसऱ्या मापाकरिता गिबिबाइट, टेबिबाइट अशी निराळी नावे मुक्रर केली. परंतु बाजारात ती रूढ झाली नाहीत.

ऐतिहासिक आढावा : चुंबकीय तबकड्यांवर यादृच्छिक पद्धतीने मजकूर साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत तयार झाले व १९५६ मध्ये ३०५ रॅमॅक या संगणकाबरोबर बाजारात आले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असून त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. १९७३ मध्ये त्याच कंपनीने तबकड्या व वाचनशीर्षे एकाच बंदिस्त आवरणात बसविणारी, विंचेस्टर या नावाने ओळखली जाणारी रचना प्रचारात आणली. १९८० मध्ये सीगेट कंपनीने ५.२५ इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढून हे साधन व्यक्तिगत संगणकाच्या आवाक्यात आणले. १९८८ मध्ये आल्बेर फेर व पीटर ग्रुनबर्ग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे शोधून काढलेल्या महाकाय चुंबकरोध या आविष्कारावर आधारलेली वाचनशीर्षे १९९० नंतरच्या दशकात वापरात आली आणि तबकडीची धारणक्षमता झपाट्याने वाढली. २००७ मध्ये १ टेराबाइटची पहिली डिस्क विक्रीस आली व त्याच वर्षी या दोघांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला होता. पेन ड्राइव्ह, स्मृतिपत्रे व एसएसडी ही तिचीच रूपे होत.

हार्ड डिस्क : घरगुती संचयात मोठ्या मापासाठी आजही हीच स्वस्त पडते. तिच्या तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि शीर्ष त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे चालू अवस्थेतील धक्का हा तिचा मोठा शत्रू होय. सलग वाचनाचा वेग सामान्यतः सेकंदास १५० ते २५० मेगाबाइट असतो. खरेदीच्या वेळी लेखनपद्धतीची चौकशी अवश्य करावी : काही डिस्कांमध्ये अधिक मजकूर मावावा म्हणून लेखनपथ छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवून रचलेले असतात (एसएमआर पद्धती), व त्यांतील एक पथ बदलावयाचा झाल्यास शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदाच भरून ठेवावयाच्या प्रतीकरिता अशी डिस्क चालते. सतत लेखन होणाऱ्या किंवा अनेक डिस्कांच्या संचात मात्र ती फार मंदावते. अशा डिस्का नॅससाठीच्या मालिकांतूनही ही पद्धती न नोंदवता विकल्या जात असल्याचे २०२० मध्ये उघडकीस आल्यापासून निर्माते विवरणपत्रात तिचा उल्लेख करू लागले.

एसएसडी : हिच्यात हलणारा भाग नसून विद्युत्‌भार कोशिकांत कोंडून मजकूर साठविला जातो. एका कोशिकेत एक, दोन, तीन किंवा चार बिट ठेवण्याच्या प्रकारांना अनुक्रमे एसएलसी, एमएलसी, टीएलसी व क्यूएलसी म्हणतात. बिट वाढतात तशी किंमत उतरते, परंतु लेखनाचा वेग व पुनर्लेखनाची मर्यादाही घटते. साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदास सुमारे ५५० मेगाबाइट, तर एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा ३,५०० ते ७,००० मेगाबाइट व त्याहूनही अधिक असतो. हे आकडे जाहिरातीत ठळकपणे छापले जातात; परंतु ४के ब्लू-रे तबकडीवरील चित्रपटास कमाल १२८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला केवळ १६ मेगाबाइट प्रवाह लागतो आणि घरातील गिगाबिट जाळे तत्त्वतःही १२५ मेगाबाइटपलीकडे जात नाही. तेव्हा कार्यप्रणाली व चित्रसंपादन यांसाठी एसएसडी आणि संग्रहासाठी हार्ड डिस्क, ही विभागणी बहुतेक घरांना सोयीची पडते. कपाटात ठेवावयाच्या प्रतीकरिता एसएसडी योग्य नाही. कारण वीजपुरवठ्यावाचून तिच्यातील विद्युत्‌भार हळूहळू झिरपतो, आणि जेडेक या मानक-संस्थेच्या कसोटीप्रमाणे लेखनमर्यादा पूर्ण वापरलेल्या ग्राहकोपयोगी एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानास विजेवाचून एक वर्ष मजकूर राखणे एवढीच अपेक्षा आहे.

नॅस व रेड : एकाच घरातील अनेक उपकरणांना संग्रह खुला करावयाचा असल्यास दोन वा अधिक डिस्कांचा नॅस उपयोगी पडतो. अनेक स्वस्त डिस्कांचा एकत्र समूह करून एखादी बिघडली तरी काम चालू ठेवण्याची रेड ही कल्पना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. तिच्या पहिल्या प्रकारात दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिला जातो. पाचव्या प्रकारात किमान तीन डिस्कांवर मजकूर व त्याची पडताळणीची माहिती विखुरली जाते. या पाचव्या प्रकारात एक डिस्क निकामी झाल्यास उरलेल्या सर्व डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचून नवी डिस्क भरावी लागते; अनेक ग्राहकोपयोगी डिस्कांच्या विवरणपत्रात शंभर लाख कोटी बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे, एक दुरुस्त न होणारी वाचनचूक गृहीत धरलेली असल्याने मोठ्या मापाच्या समूहात ही पुनर्रचना जोखमीची होते. शिवाय चुकून पुसलेली धारिका रेडमधील सर्व डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. चोरी, आग किंवा खंडणीखोर विषाणू यांच्यापुढेही रेडचा इलाज चालत नाही. रेडमुळे सेवा अखंड राहते. मजकूर वाचविण्यास निराळी प्रत लागते.

प्रती व रुजवात : मजकुराच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, व त्यांपैकी एक घराबाहेर, हा ३-२-१ नावाने ओळखला जाणारा दंडक सर्वत्र मान्य आहे. घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व महाराष्ट्रास निराळे पटवून देण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडून मुंबईतील तळमजले बुडाले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात अनेक वस्त्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडारास लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. परगावच्या नातलगाकडे ठेवलेली डिस्क किंवा क्लाउडवरील जागा यांपैकी काहीही या कामी चालते. क्लाउडच्या शर्ती मात्र सेवादात्याच्या मर्जीवर अवलंबून असतात : गूगल फोटोज या सेवेने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य सवलत १ जून २०२१ पासून बंद केली.

प्रत करून ठेवली म्हणजे ती शाबूत आहे असे मानू नये. प्रत्येक धारिकेची गणिती मुद्रा (चेकसम) काढून ती नोंदवावी व वर्षातून एकदा अस्सल आणि नक्कल यांची तिच्या आधारे रुजवात घ्यावी. झेडएफएस, बीटीआरएफएस यांसारख्या धारिकाप्रणाली हे काम आपोआप करतात. तसेच एखादी धारिका प्रतीवरून परत उतरवून प्रत्यक्ष उघडून पाहावी.

हवामान व वीज : कोकण, गोवा व मुंबई येथील दमट हवेत जुन्या व्हीएचएस फिती व ध्वनिफितींवर बुरशी चढते, अशा फिती नव्या साधनावर उतरविण्याचे काम लांबणीवर टाकू नये. हार्ड डिस्का आर्द्रताशोषक पुडीसह बंद डब्यात ठेवाव्यात. भारनियमनाच्या गावी नॅसला यूपीएस जोडणे अगत्याचे असते, कारण लेखन चालू असता वीज गेल्यास धारिकाप्रणाली बिघडण्याचा संभव असतो.

यंत्रसामग्रीतील बदल : गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये वर्तविलेली व १९७५ मध्ये सुधारलेली, दर दोन वर्षांनी एका चकतीवरील घटकांची संख्या दुप्पट होण्याची अटकळ ध्यानी घेता, नवे यंत्र नेहमीच जुन्यापेक्षा वरचढ असणार हे उघड आहे, खरेदीदाराने पाहावयाचे ते आपल्या कामास त्याचा लाभ किती, हे. जोडण्यांचे बदल मात्र दुर्लक्षून चालत नाही. २००३ मध्ये आलेल्या साटा जोडणीने जुनी रुंद पट्टीची पाटा जोडणी मागे टाकली, आणि आज तशी जुनी डिस्क वाचण्यास निराळे अडॅप्टर लागते. यूएसबीच्या बाबतीत नावांचाच घोळ आहे : २००८ मध्ये यूएसबी ३.० म्हणून आलेली सेकंदास ५ गिगाबिटची जोडणी पुढे ३.१ जेन १ व नंतर ३.२ जेन १ या नावांनी विकली गेली. म्हणून नावाऐवजी गिगाबिटांचा आकडा पाहावा. प्रक्रियकाचा सॉकेट बदलला की मदरबोर्डही बदलावा लागतो. एएमडीचा २०१६ मधील एएम४ सॉकेट दीर्घकाळ चालला, तर इंटेलने २०२०, २०२१ व २०२४ मध्ये सॉकेट बदलले. विंडोज १०चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने, विंडोज ११ला लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षाघटक नसलेले चांगले संगणकही त्या प्रणालीच्या दृष्टीने बाद ठरले. अशा संगणकावर लिनक्स चढवून त्याचा घरगुती संचयक म्हणून उपयोग करता येतो.

भाव नेहमी उतरतच जातात हा समज खरा नाही. २०११ मध्ये थायलंडमधील महापुराने तेथील कारखाने बुडून जगभर हार्ड डिस्कांचे भाव चढले व पूर्ववत होण्यास दीर्घ अवधी लागला. सीगेट, वेस्टर्न डिजिटल व तोशिबा हे तीनच प्रमुख हार्ड डिस्क-निर्माते आता उरल्याने स्पर्धाही मर्यादित आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) व पुण्याची तपकीर गल्ली येथे घासाघीस करून माल मिळतो, तथापि पक्के बिल घ्यावे आणि अनुक्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी येथे लागू आहे की नाही याची खातरजमा करावी. फार स्वस्त पेन ड्राइव्ह व स्मृतिपत्रांत खोटे माप दाखविणारा माल आढळतो; साधन पूर्ण भरून व परत वाचून पाहिल्यावाचून तो ओळखता येत नाही.

धारिकांची स्वरूपे : साधन शाबूत असूनही स्वरूप कालबाह्य झाल्याने मजकूर वाचता न येण्याचा प्रसंग येतो. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी वा आयएसएम यांच्या फाँटांत टंकलिखित केलेल्या मराठी धारिका तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून पीडीएफ प्रतही ठेवावी. छायाचित्रांसाठी जेपेग, ध्वनीसाठी फ्लॅक व चलच्चित्रांसाठी एच.२६४ ही स्वरूपे सर्वदूर प्रचलित असल्याने सध्या सर्वांत निर्धोक होत.

ताबा व विल्हेवाट : संग्रहाची सूची, प्रतींची ठिकाणे व परवलीचे शब्द घरातील किमान दोन माणसांस ठाऊक असावेत, अन्यथा कूटबद्ध डिस्क कर्त्या माणसाच्या पश्चात वारसांना उघडता येत नाही. हार्ड डिस्क साधारणतः पाच वर्षांनी मुख्य कामातून काढून तिच्यावरील मजकूर नव्या डिस्कवर न्यावा व जुनी अतिरिक्त प्रत म्हणून ठेवावी. टाकून देताना धारिका नुसत्या पुसणे पुरेसे नसते : हार्ड डिस्क संपूर्ण पुनर्लिखित करावी, एसएसडीस निर्मात्याची सुरक्षित-मार्जन आज्ञा द्यावी आणि नंतर ती भंगारवाल्याकडे न देता, १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अन्वये नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याच्या हवाली करावी.