यादीतलं नाव

आमच्या पणजीचं नाव घरात कुणीच घेत नसे. सुना तिला सासूबाई म्हणत, मुलं आई म्हणत आणि पणजोबा हाकच मारत नसत, नुसते खाकरत. स्वातंत्र्यानंतर मतदारयादीसाठी तलाठी वाईजवळच्या आमच्या घरी आला, बायकांची नावं विचारू लागला, तेव्हा पणजोबा म्हणाले, "लिहा, थोरल्याची आई." माजघराच्या दाराआडून सासूचं नाव ठणकावून सांगितलं ते आजीने. नवऱ्याचं नाव उखाण्यात तरी घेता यायचं. सासूचं घ्यायला तीही सोय नव्हती. आजी हे रंगवून सांगायची आणि दरवेळी तिचा त्या दिवशीचा आवाज थोडा चढत जायचा, हेही सांगून टाकतो.

तिकडे देशभर हेच चाललं होतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' अशी नोंद यादीत चालणार नाही, असं मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी बजावलं. तरीही सुमारे 28 लाख बायकांची खरी नावं मिळालीच नाहीत. त्या सगळ्या पहिल्या निवडणुकीच्या यादीतून वगळल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या.

आजीला हा धीटपणा तिच्या आत्याकडून आला असावा. आत्या पुण्याच्या सेवासदनात शिकून नर्स झालेली. संस्थेच्या सर्वेसर्वा रमाबाई रानडे स्वतः बायकांच्या मताधिकारासाठी झटत होत्या, त्यामुळे तो विषय तिच्या कानावरून रोज जायचा. हाच मताधिकार मागायला सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ 1917 साली भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने मागणी फेटाळली, तेव्हा 1919 मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा लेक मिठनला घेऊन थेट लंडनला गेल्या. इंग्रज सरकारने निर्णय प्रांतांवर ढकलला आणि 1921 मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबई कौन्सिलनेही बायकांना मत देण्याचा ठराव केला. अट मात्र मालमत्तेची. रात्रपाळ्या करून स्वतःचं पोट भरणाऱ्या आत्याच्या नावावर ना शेत ना घर, म्हणून तिला मत नाही! लिहिता-वाचता येतं एवढ्या आधारावर तिने मत दिलं ते 1937 साली. 1935 च्या कायद्याने सुमारे 60 लाख बायका मतदार झाल्या, पण त्यातल्या पुष्कळ नवऱ्याच्या मालमत्तेवर.

राज्यघटनेने ही सगळी गाळणी काढून टाकली. त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. बोटाला शाई लावून पणजी घरी आली, तेव्हा पणजोबांनी विचारलं, "बैलजोडीच ना?" पणजी नुसती खाकरली.

पुढे महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा बायकांना मिळाल्या. 2024 पासून सरकारी कागदांवर मुलाच्या नावापाठोपाठ आईचं नाव लिहिणं बंधनकारक झालं. त्याच निर्णयात लग्न झालेल्या बाईसाठी मात्र जुनीच रीत ठेवली आहे: तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. पणजोबांचं खाकरणं सरकारने अजून पुरतं सोडलेलं नाही.