जुन्नरची अक्षय ठेव

वारूळवाडी-नारायणगावाहून जुन्नरकडे जाणारी वाट पुढे नाणेघाटाने कोकणात उतरते. सोपारा आणि कल्याण या बंदरांत आलेला माल ज्या काळी याच घाटाने देशावर चढत असे, त्या काळी मालाबरोबर परदेशी माणसेही या मुलखात येऊन स्थिरावली, हे जुन्नरच्या डोंगरांतील शिलालेखांनीच नमूद करून ठेविले आहे. इरिल, चिट आणि चंद हे तिघे यवन, म्हणजे ग्रीक. पहिल्याने पाण्याची टाकी खोदविली, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, तिसऱ्याने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च सोसला.

परंतु मला याहून मोलाचा वाटतो तो अडुथुम या शक उपासकाचा लेख. करंजापाशी २० आणि वडापाशी ९ निवर्तने जमिनीचे दान नोंदविताना तेथे कोणाचिक नावाच्या श्रेणीचाही, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाचाही, उल्लेख येतो. दुसऱ्या एका लेखात बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे गुंतविलेल्या ठेवी आहेत. टोपल्या विणणाऱ्या हातांना त्या काळी सावकाराची पत होती! 

अशा ठेवीचा पुरता हिशेब मिळतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, हाही शकच, याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण नाणी ठेविली. पैकी २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे, ही मुख्य शर्त. पहिल्या रकमेचे व्याज सालिना २४० होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. गुणाकार करून पाहिला तर एका कवडीचा फरक पडत नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतसर दफ्तरी दाखल करण्यात आला.

राजघराण्यातील पुरुषाने ही रक्कम सरकारी खजिन्यात न ठेवता कोष्ट्यांच्या हवाली केली, यात मला मोठे व्यवहारज्ञान दिसते. कारण पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ताच उलथून टाकली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीस नहपानाच्या १३,००० हून अधिक रौप्यमुद्रा सापडल्या, त्यांतील ९,००० हून अधिक मुद्रांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे. आणि उषवदाताच्या वहिवाटीतील २०० निवर्तने शेत या नव्या राजाने आपल्या आज्ञेने, आपल्या नावाने, त्याच डोंगरावरील भिक्षूंस बहाल केले.