तळटीप : केऑनचा दुर्मीळ क्षय

* लेखकाने या क्षयाचे प्रमाण ‘शंभर अब्जांत १३’ एवढेच म्हटले आहे. हा आकडा आला कसा, ते सांगायला हवे. धनप्रभारित केऑनपासून पायॉन, न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो होण्याचा हा क्षय सर्नच्या ‘एनए६२’ प्रयोगाने मोजला. निष्कर्ष सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. अडचण अशी, की न्यूट्रिनो शोधक उपकरणांना दिसतच नाहीत. हाती लागतो तो आत आलेल्या केऑनचा आणि बाहेर पडलेल्या एकट्या पायॉनचा माग. दोघांच्या ऊर्जा-संवेगातील फरकावरून न दिसलेल्याचे वस्तुमान काढतात. पण सुमारे ६३ टक्के केऑन म्यूऑन व न्यूट्रिनोत मोडतात, २१ टक्के दोन पायॉनांत. त्यामुळे बहुतेक मेहनत गाळण्यात जाते. शिवाय निकष पक्के होईपर्यंत अपेक्षित पट्ट्यातील नोंदी झाकून ठेवतात. (मनाजोगा निकाल काढण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही होतो!) अखेर ५१ नोंदी उरल्या, त्यांतल्या सुमारे १८ इतर क्षयांच्या वगैरे असाव्यात, असा हिशेब आहे. सिद्धान्त १३ ऐवजी साधारण साडेआठ सांगतो, पण मापनातील अनिश्चितताच तीनच्या आसपास आहे. तेव्हा एवढ्यावरून नवे भौतिकशास्त्र सापडले, असे वाचकांनी समजू नये. — संपा.