काळारामाच्या दारापुढील सोबती

ता. २ मार्च १९३० रोजीं नाशिकच्या रस्त्यांतून अस्पृश्य मानलेल्या हजारों स्त्रीपुरुषांची मिरवणूक काळारामाच्या मंदिराकडे निघाली. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचें होतें, स्थानिक व्यवस्थेचा भार भाऊराव गायकवाड यांनीं वाहिला होता. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशीं १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चारी दारांपुढें जाऊन बसली.

या लढ्यांत देवराव नाईक, द. वि. प्रधान यांसारखे मूठभर स्पृश्यही सामील होते. रामदर्शनास त्यांना कोणाचीच मनाई नव्हती. मग आपल्या जातभाईंचा रोष त्यांनीं कां ओढवून घ्यावा? याचें उत्तर तीन वर्षें मागें सांपडतें. सन १९२७ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानें मुंबईस समाज समता संघ निघाला आणि नाना जातींचीं माणसें एका पंक्तीस जेवूं लागलीं. त्याच वर्षीं महाड येथें मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला, तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनीं. त्यापूर्वीं, ब्राह्मणांना वगळाल तरच साह्य करूं, अशी अट ब्राह्मणेतर पुढारी जेधे व जवळकर यांनीं घातली होती. डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली. आपलें वैर ब्राह्मण्याशीं आहे, ब्राह्मणांशीं नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. मोठ्या पाठबळापेक्षां त्यांनीं मोजक्या सोबत्यांचा हात धरिला.

त्या सोबतीची कसोटी ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथोत्सवांत लागली. दोन्ही पक्षांनीं मिळून रथ ओढावा असें ठरलें होतें. परंतु स्पृश्यांनीं तो परस्पर पळविला. दगडांचा वर्षाव झाला. सशस्त्र पोलिसांचें कडें फोडून कद्रेकर नांवाचा एक तरुण आंत घुसला आणि रक्तबंबाळ होऊन बेशुद्ध पडला. तो भंडारी, म्हणजे स्पृश्य मानलेल्या जातीचा होता.

मैत्रीनें दार उघडलें नाहीं, हेंही खरें. लढा वर्षानुवर्षें चालला. सन १९३४ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं गायकवाडांस तो थांबविण्याचा सल्ला दिला. मुंबई इलाख्यांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ सालीं. परंतु ज्याच्या ताटाशेजारीं आपलें ताट मांडलें, त्याच्या अपमानाकडे परक्याचा अपमान म्हणून पाहणें त्या मूठभरांना अशक्य झालें. अशीं शेजारचीं ताटें त्या काळीं फार थोडीं होतीं. म्हणूनच कायदा यावा लागला.