शार्डोने द्राक्षाचे गोत्र

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये एक परीक्षा झाली. फ्रेंच परीक्षकांपुढे दहा पांढऱ्या वाइन ठेवण्यात आल्या. त्यांतील सहा कॅलिफोर्नियातल्या होत्या आणि चार फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या. कोणत्या पेल्यात कोठली वाइन आहे हे परीक्षकांना सांगितलेले नव्हते. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या शॅटो मॉन्टेलीनाला मिळाला आणि फ्रान्समध्ये बरीच खळबळ उडाली. या दहाही वाइन शार्डोने या एकाच वाणाच्या द्राक्षांपासून केलेल्या होत्या.

शिक्षकांच्या मासिकात वाइनची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण ही गोष्ट आनुवंशिकतेची आहे आणि वर्गात मेंडेलच्या वाटाण्याच्या जोडीला सांगण्यासारखी आहे.

द्राक्षाचा वाण बियांपासून टिकवता येत नाही. बी लावले की गुणांची सरमिसळ होते. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागांप्रमाणेच शार्डोनेची वेलही कलमांनीच वाढवतात. म्हणजे जगभरच्या शार्डोनेची जनुके, अधूनमधून झालेली किरकोळ उत्परिवर्तने सोडली तर, एकच. मग चवी वेगळ्या का? कारण या द्राक्षाला स्वतःचा असा उग्र वास नाही, त्यामुळे हवामान आणि माणसाचा हात या दोन्हींची छाप त्याच्यावर चटकन उमटते. उत्तरेकडील थंड शाब्लीमध्ये फळात मॅलिक आम्ल भरपूर राहते. हिरव्या सफरचंदातले आम्ल तेच, म्हणून तिथली वाइन आंबटसर आणि तरतरीत लागते. उष्ण हवेत श्वसनक्रियेत हे आम्ल अधिक खर्च होते आणि साखर वाढते. कॅलिफोर्नियाच्या उबदार भागांतल्या वाइनला अननसासारखा वास येतो तो अशा पिकलेल्या फळामुळे. बर्गंडीतल्याच मर्सो गावी रस ओक लाकडाच्या पिंपांत मुरवतात. लाकडातून व्हॅनिलाचा वास येतो. शिवाय जीवाणू मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या ओघात डायअॅसिटिल तयार होते. विरजण लावून काढलेल्या लोण्याच्या वासात हेच रसायन असते, आणि मर्सोच्या वाइनला लोण्यासारखी म्हणतात ते काही उगीच नाही!

पण हा वाण आला कोठून? पाने पाहून अनेक बागाइतदार त्याला पिनो या मानाच्या बर्गंडी द्राक्षाचाच एक प्रकार समजत, आणि ‘पिनो शार्डोने’ असे नावही रूढ होते. खरे उत्तर १९९९ साली मिळाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन बॉवर्स व कॅरोल मेरेडिथ यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर ३०० हून अधिक वाणांचा डीएनए तपासला. डीएनएमध्ये काही ठिकाणी लहानसा तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो; किती वेळा, ते वाणागणिक बदलते. समजा, एका ठिकाणी आईचे आकडे १२ आणि १५ आहेत, बापाचे १० आणि १८. मग अपत्यात आईचा एक आणि बापाचा एक आकडा सापडलाच पाहिजे. एका ठिकाणी असा मेळ योगायोगानेही बसेल. त्यांनी ३२ ठिकाणे तपासली.

शार्डोनेचा एक पालक पिनो निघाला, यात नवल नव्हते. दुसरा निघाला गुए ब्लां. हा मध्ययुगातील शेतकऱ्यांचा स्वस्त वाण, भरपूर पिकणारा पण हलका मानलेला. त्याची लागवड बंद पाडण्याचे प्रयत्नही झाले होते. याच जोडप्याची एकूण सोळा अपत्ये सापडली. पुढे हरितलवकातील डीएनएवरून, जो द्राक्षात आईकडूनच येतो, शार्डोनेची आई गुए ब्लांच असल्याचेही दिसले. गामे हे काळे द्राक्ष शार्डोनेचे सख्खे भावंड. बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने १३९५ मध्ये हुकूम काढून त्याच गामेची वेल उपटायला लावली होती.

एक भावंड काळे आणि एक पांढरे कसे? येथे खडू हाती घ्यावा. काळा रंग प्रभावी, पांढरा अप्रभावी. काळ्या पिनो न्वारमध्ये पांढऱ्याचे एक जनुक दडलेले असते आणि गुए ब्लांमध्ये दोन्ही जनुके पांढऱ्याची. चौकोन भरून पाहा; निम्मी अपत्ये काळी, निम्मी पांढरी येतील.

पालक दूरच्या कुळांतले असले की संकर जोमदार होतो, हे मका पिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. पिनो आणि गुए यांची जनुके एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत, आणि ईशान्य फ्रान्समध्ये दोन्हींची लागवड शेजारीशेजारी होत असे. प्रतिष्ठित वाणच तेवढे ठेवावेत हा आग्रह पूर्वीच तडीस गेला असता, तर शार्डोने जन्मालाच आले नसते.

आज फ्रान्सच्या मळ्यांत गुए ब्लां जवळजवळ उरलेली नाही. तरीही तिचा डीएनए तपासता आला, कारण फायलोक्सेरा किडीने बागा उद्ध्वस्त होत असताना, १८७६ साली, माँपेलिए येथे द्राक्षवाणांचा संग्रह सुरू झाला होता. चांगले-वाईट न पाहता त्यात वेली लावत गेले. १९४९ मध्ये तो समुद्रकाठच्या वासल येथे हलवला, कारण वाळूत ती कीड तग धरत नाही. तेथील ओळींत गुए ब्लांही होती.